कूलंटच्या बाटल्यांची तपासणी: रंग बाजूला ठेवून काय वाचायचं

गाडीचं इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या बाटलीवर सगळ्यात मोठी आणि ठळक गोष्ट म्हणजे आतल्या द्रवाचा रंग, आणि नेमकी तीच गोष्ट निवडीसाठी निरुपयोगी आहे. हिरवं, लाल, गुलाबी, निळं, जांभळं, पिवळं हे सगळे नंतर घातलेले रंग. कोणत्या रासायनिक घडणीला कोणता रंग द्यायचा, याचा सर्वमान्य नियम जगात कुठेही नाही. जनरल मोटर्सचं डेक्सकूल नारिंगी आहे आणि क्रायस्लरचं एमएस-९७६९ या मानकाचं जुनं कूलंटही नारिंगी होतं. पहिल्यात सिलिकेट (गंज रोखणारं एक द्रव्य) अजिबात नाही, दुसऱ्यात ते होतं. टोयोटाचं सुपर लाँग लाइफ गुलाबी, फोक्सवॅगनचं जी १२ मालिकेतलं कूलंटही गुलाबी-जांभळ्या छटेचं. टोयोटाच्या कूलंटमध्ये फॉस्फेट (तेही गंजरोधकच) आहे आणि सिलिकेट नाही, फोक्सवॅगनच्या आजच्या कूलंटमध्ये सिलिकेट आहे आणि फॉस्फेट नाही. म्हणून "माझ्या गाडीत गुलाबी आहे, गुलाबीच द्या" असं म्हणून घेतलेली बाटली चुकीची निघण्याची शक्यता बरीच असते.

या परीक्षणात एकेक कंपनीची बाटली न घेता बाजारात मिळणारे प्रकार घेतले आहेत. कारण एकाच प्रकारातल्या दोन नामांकित बाटल्यांमधला फरक थोडा असतो, पण दोन प्रकारांमधला फरक रेडिएटरच्या आयुष्याचा असतो.

बाटलीत असतं काय

जवळजवळ सगळ्या कूलंटचा मुख्य भाग एथिलीन ग्लायकॉल. ते गोठणबिंदू खाली नेतं आणि उत्कलनबिंदू थोडा वर. पाण्याशी निम्मंनिम्म मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं आणि उघड्यावर साधारण १०७-१०८ अंशांना उकळतं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा: गाडीतलं पाणी १०० अंशांच्या पुढेही उकळत नाही याचं मोठं श्रेय ग्लायकॉलचं नाही, रेडिएटरच्या किंवा टाकीच्या झाकणाचं आहे. एक बार दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाखाली नुसतं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. निम्मं मिश्रण तेवढ्याच दाबाखाली साधारण १३० अंशांच्या जवळ पोचतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल, तर सगळ्यात महागड्या कूलंटनेही इंजिन उकळेल.

मग कूलंट कशासाठी? मुख्यतः गंज रोखण्यासाठी. बाटलीतला काही टक्क्यांचाच भाग गंजरोधकांचा असतो, पण दोन कूलंटमधला खरा फरक याच भागात असतो. जिथे कधीच बर्फ पडत नाही तिथे "आम्हाला कूलंटची गरज काय" म्हणून नुसतं पाणी भरणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग), लोखंडी ब्लॉक (इंजिनाचा मुख्य भाग), तांब्या-पितळेचे भाग, स्टीलचे क्लॅम्प हे सगळं एकाच पाण्यात बुडालेलं असतं. वेगवेगळे धातू आणि त्यांना जोडणारं क्षारयुक्त पाणी मिळून बॅटरीसारखा एक सेल तयार होतो, आणि त्यात सर्वांत आधी अ‍ॅल्युमिनियम झिजतं.

आणखी दोन गोष्टी असतात: फेस रोखणारं द्रव्य आणि रंग. फेस झाला की पंपाला हवा मिळते, आणि हवेतून उष्णता नीट वाहून जात नाही.

ग्लायकॉल जास्त असलं की चांगलं, हा समजही खरा नाही. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं, म्हणजे निम्म्या मिश्रणापेक्षा कितीतरी आधी. शिवाय ते दाट असतं आणि पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. निम्म्या मिश्रणाची उष्णता धरण्याची क्षमताही नुसत्या पाण्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी असते. अनेक उत्पादक ४० टक्के किमान आणि ६० टक्के कमाल अशी मर्यादा देतात. खालची मर्यादा गंजरोधकांचं प्रमाण टिकावं म्हणून, वरची उष्णता नीट वाहावी म्हणून.

जुन्या वळणाचं हिरवं कूलंट

याला अजैविक कूलंट म्हणतात. गंजरोधक म्हणून सिलिकेट, शिवाय फॉस्फेट किंवा बोरेट, आणि तांब्या-पितळेसाठी अ‍ॅझोल वर्गातली द्रव्यं. सिलिकेटचं काम झपाट्याने होतं: अ‍ॅल्युमिनियमच्या उघड्या पृष्ठभागावर काही वेळातच पातळ थर बसतो. अडचण अशी की हा थर सगळ्या पृष्ठभागावर बसतो, त्यामुळे सिलिकेट लवकर संपतं. दोन वर्षं किंवा पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास हे कूलंट बदलावंच लागतं.

आमचा कौल: शिशाच्या झाळकामाचा तांब्या-पितळेचा रेडिएटर असलेल्या जुन्या गाडीसाठी हेच योग्य. अशा गाडीत नव्या सेंद्रिय आम्लांचं कूलंट घालू नये, कारण शिशाच्या झाळकामाचं रक्षण ते नीट करत नाही आणि सांध्यांतून गळती सुरू होते. अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर असलेल्या आजच्या गाडीसाठी मात्र हे घेण्याचं कारण नाही. स्वस्त दिसतं, पण दुप्पट-तिप्पट वेळा बदलावं लागतं.

सेंद्रिय आम्लांचं कूलंट, म्हणजे ओएटी

यात सिलिकेट आणि फॉस्फेट दोन्ही नसतात. सेबॅसिक आम्ल, टू-एथिलहेक्झॅनॉइक आम्ल अशा कार्बोक्सिलिक आम्लांचे क्षार गंज थांबवतात. ते सगळीकडे थर देत नाहीत. गंज जिथे सुरू होतो तिथेच ते चिकटतात, म्हणून खर्च होण्याचा वेग मंद. पाच वर्षं किंवा त्याहून जास्त आयुष्य यामुळेच शक्य होतं. जनरल मोटर्सने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून डेक्सकूल वापरायला घेतलं तेव्हा पाच वर्षं किंवा एक लाख मैल असा दावा होता, तो याच घडणीच्या बळावर.

याच्या दोन कमजोर बाजू आहेत. पहिली, उघड्या पडलेल्या नव्या धातूचं रक्षण हे सावकाश करतं. पंपाच्या पात्यांवर बुडबुडे फुटून धातू खरवडला जातो, तिथे सिलिकेटसारखी तत्परता याच्यात नसते. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, हवा. पातळी खाली गेलेली असताना गाडी महिनोन्महिने चालवली की वरच्या भागात गरम वाफ, हवा आणि ओलसर लोखंड एकत्र येतं आणि तांबूस-तपकिरी गाळ तयार होतो. गाळ दिसला की लोक कूलंटला दोष देतात, पण बहुतेक वेळा मूळ कारण गळती किंवा निकामी झाकण असतं. ओएटी वापरायचं तर टाकीची पातळी महिन्यातून एकदा पाहणं ही अट समजा.

टू-एथिलहेक्झॅनॉइक आम्ल काही प्रकारच्या प्लॅस्टिक आणि सिलिकॉन गॅस्केटना मऊ करतं, असा आक्षेप बऱ्याच काळापासून आहे. म्हणून अनेक बाटल्यांवर "टू-ईएचए नाही" असं छापलेलं असतं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत अशी अट असेल, तर ती पाळा. नसेल, तर केवळ त्या ओळीसाठी जास्त पैसे देण्याची गरज नाही.

संकरित प्रकार: खरी निवड इथेच होते

आजच्या बहुतेक गाड्या या वर्गात येतात, आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतात. सेंद्रिय आम्लांच्या जोडीला थोडं सिलिकेट किंवा थोडं फॉस्फेट घालून दोन्हींचे गुण मिळवायचे, ही कल्पना. युरोप एका बाजूला गेला, आशिया दुसऱ्या. यामागचं कारण नीट समजलं तर निम्मी निवड आपोआप होते.

युरोपात बऱ्याच ठिकाणी नळाचं पाणी क्षारांनी भरलेलं. फॉस्फेट आणि पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम एकत्र आलं की पांढरे खवले तयार होतात आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. म्हणून युरोपीय उत्पादकांनी फॉस्फेट टाळलं आणि सिलिकेट घेतलं. जपानी उत्पादकांचा अनुभव वेगळा: सिलिकेटचा गाळ सुटला तर पंपाच्या सीलवर तो पॉलिशच्या पावडरीसारखं काम करतो. त्यांनी सिलिकेट टाळलं आणि फॉस्फेट घेतलं. दोन्ही मार्ग नीट चालतात, पण आपापल्या इंजिनात.

युरोपीय बाजूचा क्रम असा. बास्फ या जर्मन रसायन कंपनीच्या ग्लायसँटिन मालिकेतलं जी ४८ हे निळसर-हिरवं, फोक्सवॅगनच्या भाषेत जी ११, मानक टीएल ७७४-सी. बीएमडब्ल्यूच्या जुन्या गाड्यांत आणि मर्सिडीजच्या ३२५.० या मान्यतेत हेच कुटुंब येतं. पुढे फोक्सवॅगनने जी १२ आणलं, टीएल ७७४-डी, ते शुद्ध सेंद्रिय. जी ११ आणि या पहिल्या जी १२ ची भेसळ झाली की द्रव तपकिरी होतो. तसा रंग दिसला की वर कूलंट टाकत बसू नका, सगळं काढून धुऊन नवं भरा. त्यानंतरचं जी १२ प्लस, टीएल ७७४-एफ, मागच्या दोन्हींशी जुळवून घेणारं होतं. मग सिलिकेट परत आलं: जी १२ प्लस-प्लस म्हणजे टीएल ७७४-जी, जी १३ म्हणजे टीएल ७७४-जे आणि सध्याचं जी १२ इव्हो म्हणजे टीएल ७७४-एल. जी १३ मध्ये ग्लायकॉलचा काही भाग ग्लिसरीनने घेतला होता. जी १२ इव्होने तो सोडून दिला.

या शेवटच्या गटाला सिलिकेटयुक्त ओएटी म्हणतात. सर्व अ‍ॅल्युमिनियमचं, जास्त तापणारं, टर्बो बसवलेलं इंजिन असेल तर आमच्या मते ही आज मिळणारी सगळ्यात समतोल घडण आहे. सिलिकेट तातडीचं रक्षण करतं, सेंद्रिय आम्लं दीर्घ पल्ला सांभाळतात. मर्सिडीजच्या ३२५.५ आणि ३२६.५ या मान्यता याच वळणाच्या. बीएमडब्ल्यूही निळ्याकडून हिरव्या एलसी-१८ मानकाकडे वळली. इथे हिरवा रंग पाहून कुणी त्यात जुन्या वळणाचं हिरवं कूलंट ओतलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट: काही युरोपीय गाड्यांच्या टाकीत सिलिकेटची पुडी बसवलेली असते, कूलंटमधलं सिलिकेट कमी झालं की ते हळूहळू भरून निघावं म्हणून. ही पुडी फाटली तर आतले दाणे थेट हीटर कोअरच्या (गाडीच्या आत गरम हवा देणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या) बारीक नळ्यांत जाऊन बसतात. एका बाजूने गरम हवा आणि दुसऱ्या बाजूने थंड हवा येत असेल तर संशय इथे घ्यावा. टाकी काढायची वेळ आली तर पुडी असलेली जुनीच टाकी परत बसवू नये.

आशियाई बाजू तुलनेने सरळ आहे. टोयोटाचं सुपर लाँग लाइफ आणि होंडाचं टाइप टू ही दोन्ही पन्नास टक्क्यांची तयार मिश्रणं आहेत, म्हणजे त्यात पाणी घालायचं नसतं. टोयोटाची मुदत पहिल्या वेळी एक लाख साठ हजार किलोमीटर आणि नंतर दर ऐंशी हजारांनी अशी आहे. पहिल्या भरणीनंतर मुदत निम्म्यावर येते, कारण जुनं कूलंट पूर्ण निघत नाही आणि आतले पृष्ठभागही नव्यासारखे राहिलेले नसतात. ह्युंदाई आणि कियाच्या पुस्तिकांत अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरसाठी फॉस्फेट-आधारित एथिलीन ग्लायकॉल असं सरळ लिहिलेलं आढळतं. अशा गाडीत युरोपीय सिलिकेटयुक्त कूलंट भरण्यात काही अर्थ नाही. फॉस्फेटयुक्त ओएटी आता आशियापुरतं राहिलेलं नाही: फोर्डनेही नारिंगी डब्ल्यूएसएस-एम९७बी४४-डी नंतर पिवळं डब्ल्यूएसएस-एम९७बी५७ मालिकेतलं कूलंट आणलं, ते याच घराण्यातलं.

फॉस्फेटवाल्या कूलंटबाबत आमचा एकच आग्रह आहे: कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) असेल तर पाणी शुद्ध हवं. नळाचं किंवा बोअरचं पाणी घातलं की वर सांगितलेले खवले तुमच्या रेडिएटरमध्ये तयार होतील. डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी घ्या. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं, आम्ल घातलेलं बॅटरीचं द्रावण चालत नाही.

सर्व गाड्यांसाठी, सर्व रंगांसाठी

बाजारात सगळ्यात जास्त खपणारी बाटली हीच असेल. बहुधा ही साधी ओएटी असते, सिलिकेट-फॉस्फेट नसल्यामुळे दुसऱ्या कशाशीही मिसळली तरी लगेच जेलीसारखी साकळत नाही, एवढाच तिचा "सर्वांशी जुळतं" हा दावा. लगेच गाळ न होणं आणि पुरेसं रक्षण करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिलिकेटयुक्त कूलंटमध्ये ही दोन लिटर ओतली तर सिलिकेटचं प्रमाण पातळ होतं आणि पाच वर्षांचं कूलंट तेवढं टिकत नाही.

वाटेत पातळी कमी झाली आणि दुसरं काही मिळत नसेल, तर अर्धा लिटर घालायला ही ठीक. एकूण क्षमतेच्या दहा टक्क्यांच्या आत राहा, नोंद करून ठेवा आणि पुढच्या बदलाची तारीख अलीकडे आणा. पूर्ण भरणीसाठी आम्ही तिची शिफारस करत नाही. आणीबाणीत तर डिस्टिल्ड पाणीही तितकंच चालतं, आणि त्याने रसायनांची गल्लत होत नाही. पाण्याने टक्केवारी उतरते, तेवढी नंतर भरून काढावी लागते.

पातळ तयार मिश्रण, पाणीविरहित आणि बाकीचे

तयार मिश्रण घेताना टक्केवारी शोधा. पन्नास टक्के असं स्पष्ट लिहिलेलं असलं तर उत्तम, चाळीसही चालेल. काही स्वस्त बाटल्यांवर फक्त "वापरण्यास तयार" एवढंच असतं, ग्लायकॉल किती आणि गोठणबिंदू कोणता, कशाचाच पत्ता नसतो. अशी बाटली शेल्फवर परत ठेवा. त्यात रंगीत पाण्याहून फार काही नसण्याची शक्यता असते. ग्लायकॉलच्या जागी मेथॅनॉल मिसळलेलं असेल तर प्रकरण आणखी गंभीर: ते ६५ अंशांच्या आसपास उकळतं, ज्वलनशील असतं आणि चालत्या इंजिनाच्या तापमानात वाफ होऊन पंपाला कोरडं पाडतं.

पाणीविरहित कूलंटचा उत्कलनबिंदू १८० अंशांच्या पुढे असतो, त्यामुळे दाब जवळजवळ तयार होत नाही. जुन्या, नाजूक रेडिएटरच्या गाड्या जपणाऱ्यांना ते आकर्षक वाटतं, आणि तिथे त्याला जागा आहे. पण ते पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं, म्हणून हेडचं तापमान वाढतं. भरण्याआधी आतलं सगळं पाणी काढून टाकावं लागतं, आणि वाटेत गळती झाली तर वर घालायला साधं पाणी चालत नाही. रोजच्या गाडीसाठी नको.

प्रोपिलीन ग्लायकॉलचं कूलंट कमी विषारी असतं, निम्मं मिश्रण उणे ३३ अंशांच्या आसपास गोठतं. घरात पाळीव प्राणी असतील तर विचार करण्याजोगं, अर्थात गाडीच्या पुस्तिकेत मान्यता असेल तरच.

अवजड डिझेल इंजिनांचा नियम वेगळा आहे. वेट लायनर (सिलिंडरचं अस्तर, ज्याला बाहेरून कूलंट थेट लागतं) असलेल्या इंजिनात बुडबुडे फुटून लायनरला भोकं पडतात, ते रोखण्यासाठी नायट्राइट किंवा तशी द्रव्यं लागतात. हलक्या गाड्यांसाठी एएसटीएम (अमेरिकी मानक संस्था) डी ३३०६ आणि अवजड इंजिनांसाठी डी ६२१० अशी वेगळी मानकं आहेत. ट्रकचं कूलंट "जास्त दमदार" म्हणून कारमध्ये घालू नका.

विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांत इन्व्हर्टर आणि बॅटरी थंड ठेवण्यासाठी कूलंटची वेगळी फेरी असते. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये इन्व्हर्टरलाही सुपर लाँग लाइफच असतं, पण काही उत्पादकांना विजेची वाहकता अगदी कमी असलेलं कूलंट लागतं, आणि साधं कूलंट या बाबतीत कितीतरी जास्त वाहक असतं. इथे अंदाजाला वाव नाही. पुस्तिकेतला क्रमांक आणि बाटलीवरचा क्रमांक तंतोतंत एकच हवा.

लेबल कसं वाचायचं

आधी गाडीच्या पुस्तिकेतून मानकाचा क्रमांक लिहून घ्या. पुस्तिका नसेल तर कूलंटच्या टाकीच्या झाकणावर किंवा बाजूच्या स्टिकरवर पाहा. मग बाटली उलटी करून तोच क्रमांक शोधा. सापडला तर त्याच्या आधीचा शब्द वाचा, कारण तिथे तीन दर्जे असतात. "मान्यताप्राप्त" म्हणजे वाहन उत्पादकाने तपासून परवानगी दिली. "मानकाची पूर्तता करतं" म्हणजे कूलंट बनवणाऱ्याचा स्वतःचा दावा. "यासाठी शिफारस" म्हणजे बनवणाऱ्याला वाटतं की चालेल. वॉरंटीतल्या गाडीसाठी पहिलाच दर्जा घ्या. जुन्या गाडीसाठी नामांकित कंपनीचा दुसरा दर्जा आम्हाला मान्य आहे. तिसऱ्यावर भिस्त ठेवू नका.

एएसटीएम डी ३३०६ किंवा जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) के २२३४ ही किमान पात्रता समजा. ती नसेल तर बाटली बाद. ती आहे एवढ्यावर मात्र बाटली तुमच्या गाडीला योग्य ठरत नाही.

भरताना होणारी हिशेबाची चूक

हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि योग्य कूलंट घेऊनही काम इथे बिघडतं. समजा गाडीची क्षमता सहा लिटर आहे. रेडिएटरखालचा स्क्रू काढला की चारच लिटर निघतं, उरलेलं दोन लिटर ब्लॉक आणि हीटरमध्ये राहतं. मग पाणी भरून इंजिन चालवून, काढून, पुन्हा भरून आतला भाग धुतला जातो. शेवटी पुन्हा चार लिटर पाणी निघतं आणि दोन लिटर पाणी आत राहतं. त्यावर पन्नास टक्क्यांचं तयार मिश्रण चार लिटर ओतलं की सहा लिटरमध्ये ग्लायकॉल दोनच लिटर, म्हणजे ३३ टक्के. गोठणबिंदू उणे १८ च्या आसपास येतो आणि गंजरोधकही किमान मर्यादेच्या खाली.

म्हणून पाण्याने धुतल्यावर कॉन्सन्ट्रेटच घ्यावं: तीन लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता, मग एक लिटर डिस्टिल्ड पाणी. तयार मिश्रणच वापरायचं असेल तर पाण्याने न धुता जुनं काढून त्याच प्रकारचं भरावं, किंवा ब्लॉकचा स्क्रू उघडून आतलं पाणीही काढावं. धुण्याचं शेवटचं पाणी डिस्टिल्डच हवं, कारण तेच आत राहणार आहे.

आधीच भरलेलं मिश्रण पातळ निघालं तर किती काढून तितकंच कॉन्सन्ट्रेट घालायचं याचं गणित सोपं आहे. हव्या टक्केवारीतून सध्याची वजा करा, शंभरातून सध्याची वजा केलेल्या आकड्याने भागा आणि क्षमतेने गुणा. सहा लिटर, सध्या ३० टक्के, हवं ५०: वीस भागिले सत्तर गुणिले सहा, म्हणजे साधारण १.७ लिटर.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. दाब सुटला की द्रव क्षणात उकळून उसळतो आणि चेहरा-हात भाजतात. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढण्याचे स्क्रू असतील तर सलग धार येईपर्यंत उघडे ठेवा आणि थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालू द्या. ज्या गाड्यांत विजेवर चालणारा पंप आहे त्यांत हवा काढायची ठरलेली पद्धत पुस्तिकेत दिलेली असते. ती न करता गाडी चालवली तर हेडमध्ये हवेचा फुगा अडकतो, आणि तापमानाचा काटा शांत असतानाही धातू तापत राहतो. दोन-तीन वेळा इंजिन गरम-थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा, ती थोडी खाली येणं स्वाभाविक आहे.

तपासणीची साधनं

रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारं उपकरण) घ्या. तरंगणाऱ्या गोळ्यांचा हायड्रोमीटर एथिलीन ग्लायकॉलसाठी कामचलाऊ आहे, प्रोपिलीन ग्लायकॉलसाठी चुकीचा आहे. एथिलीन आणि प्रोपिलीनसाठी पट्ट्या वेगळ्या असतात, ग्लिसरीन असलेल्या जी १३ साठी तर आणखी वेगळी पट्टी लागते. चुकीच्या पट्टीवर वाचलं तर आकडा फसवा येतो.

मात्र रिफ्रॅक्टोमीटर फक्त ग्लायकॉल सांगतो, गंजरोधक उरलेत का हे सांगत नाही. त्यासाठी पीएचच्या कागदी पट्ट्या वापराव्यात. नव्या ओएटीचा पीएच साधारण ८ ते ९, जुन्या वळणाच्या कूलंटचा त्याहून वर. सातच्या खाली गेला की कूलंट आम्लधर्मी झालं, टक्केवारी कितीही छान असो. नवं भरूनही काही महिन्यांत पीएच कोसळत असेल, तर हेड गॅस्केटमधून ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत आहेत का ते तपासून घ्या.

टाकीत काय दिसतं त्यावरूनही बरंच कळतं. वर दुधाळ, चिकट, तपकिरी साय म्हणजे तेल मिसळलंय. जेलीसारखे गोळे म्हणजे न जुळणारी कूलंट एकत्र आली आणि सिलिकेट सुटलं. पांढरे खवले म्हणजे क्षाराचं पाणी. नळीच्या सांध्यावर रंगीत, वाळलेली पपडी म्हणजे मंद गळती, आणि अशा वेळी दर आठवड्याला वर घालत राहणं हा उपाय नाही. गळती बंद करणारी भुकटी तर हीटर कोअरही बंद करते, ती घालू नका.

दोन कूलंट जुळतात का याची शंका असेल तर काचेच्या बरणीत निम्मंनिम्म मिसळून दोन दिवस ठेवा. गढूळपणा, गाळ किंवा जेली दिसली तर उत्तर मिळालं. काहीच दिसलं नाही तर मात्र जुळतात असं सिद्ध होत नाही, कारण इंजिनाची उष्णता आणि गंजरोधकांचं पातळ होणं बरणीत दिसत नाही.

काढलेलं कूलंट गटारात किंवा मातीत ओतू नका, वापरलेलं तेल स्वीकारणाऱ्या गॅरेजला द्या. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंडं निकामी होतात. कुत्र्या-मांजरांना थोडंसंही जिवावर बेतणारं ठरतं, लहान मुलांनाही तोच धोका. अनेक बाटल्यांत कडू द्रव्य घातलेलं असतं, तरी त्यावर विसंबू नका. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि उरलेली बाटली मूळ लेबलासह, झाकण घट्ट लावून, उंचावर ठेवा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ती कधीही ओतू नका.